दोघांतला एक

नागोराव : वाच. पुन्यांदा वाच.

पंढरी : चारदा वाचलं, नागोराव. पाचव्यांदा वाचून अक्षरं बदलणार आहेत का?

जमुना : वाचा ना, पंढरीभाऊ. मला वाचता येत नाय म्हनून बोलते.

पंढरी : बरं. ऐक. "मद्रास, रविवार. येथील जुन्या विमानपट्टीवर आज झालेल्या मोटारींच्या शर्यतीत मुंबईच्या संघाची एक गाडी उलटून पेटली. चालक जागीच ठार झाला. त्याचे नाव अद्याप समजलेले नाही." बस. एवढंच. खाली खोबऱ्याचे भाव आहेत.

जमुना : मुंबईवाल्यांच्या गाड्या किती व्हत्या?

पंढरी : दोन. एक तुझ्या मंगळ्याची. दुसरी केकीची, संघाच्या मालक शेठच्या पुतण्याची.

जमुना : मंजे दोघांतला एक.

पंढरी : हो.

जमुना : सकाळपासून इथं पोष्टाच्या बाकावर बसवलाय मला. "तार येल, तार येल." हे सांगायला काय झालं व्हतं? दोघांतला एक, एवढंच तर हाय.

नागोराव : सांगायला जीभ उचलत नव्हती, पोरी. सातच्या गाडीनं पेपर आला. आठाला तार केली. आता साडेबारा व्हायलेत. मद्रासला काय समदे झोपलेत का?

पंढरी : मास्तर म्हणाले, लाइनीवर गर्दी आहे. बसा जरा. मघापासून तुम्ही उठताय, बसताय.

नागोराव : आतलं यंत्र वाजलं की म्या उठतो. तुला न्हाई वाटत उठावं? तुला कामून वाटंल! तूच पाठवलास त्याला मुंबईवाल्यांकडं.

पंढरी : मी पाठवलं? तो काय पार्सल होता?

नागोराव : पत्र कुनी लिवलं? "आमच्या बोईसरात एक डंपर चालवनारा हाय, त्याच्यावानी वळन कुनालाच घेता येत न्हाई." कुनाच्या हातचं अक्षर हाय ते?

पंढरी : माझं. आणि त्यात खोटं काय होतं? नागोराव, दोन वर्षं तो तुमच्या गाडीत तिसरा येत होता. तिसरा! एडवणच्या किनाऱ्यावर ओहोटीला तुम्ही त्याला पळवायचात, तेव्हा आपली अख्खी बांधकामाची साईट ट्रकच्या टपावर उभी असायची. मी घड्याळ लावून बसायचो. ओल्या वाळूवर गाडी आडवी जायची आणि हा माणूस दोन बोटांनी ती सरळ करायचा. असला हात तुमच्या त्या बैलगाडीत कुजवायचा होता?

नागोराव : बैलगाडी व्हय? डहाणूच्या चिकूवाडीतल्या शेडमंदी आठ म्हैने घासून बांधली म्या ती. डोक्याच्या मागं लोखंडी कमान व्हती, उलटली तर मान वाचावी म्हनून. टाकी मागं, दोन पत्र्यांच्या आड. मुंबईवाल्यांनी काय केलं? "वजन वाढतंय." कमान न्हाई. टाक्या दोन्ही बाजूंना, ड्रायव्हरच्या मांडीला लावून. पेट्रोलमंदी बसवलंय मानसाला!

पंढरी : जगभर तशाच गाड्या आहेत आता. आमचे अमेरिकन साहेब मासिकं टाकून देतात, ती मी स्टोअरमध्ये बसून वाचतो. हलकी गाडी जिंकते. तिकडे ड्रायव्हर दर वर्षी संघ बदलतात, त्याला कोणी बेइमानी म्हणत नाही.

नागोराव : आन दर वर्षी मरत्यात किती, ते बी छापून येतं का तुह्या मासिकात? तूच सांगितलं व्हतंस मला. गेल्या उन्हाळ्यात तिकडं एक जन गाडीतच जळाला, लोकं बघत उभे.

पंढरी : नागोराव, हळू. ती ऐकतेय.

जमुना : बोला तुमी. मी नाय ऐकला तर झालेला बदलंल का?

पंढरी : जमुना, माझं ऐक. मुंबईवाले पट्टा बांधत नाहीत. त्यांचं म्हणणं, गाडी उलटली तर माणूस बाहेर फेकला गेलेला बरा. हाडं मोडतील, पण आगीत अडकणार नाही. मंगळ्या तिकडे गेल्यापासून पट्टा बांधत नव्हता, मला स्वतः म्हणाला होता. म्हणजे गाडी त्याची असली तरी...

नागोराव : तरी काय? फेकला गेला तर डांबरावर डोकं आपटत न्हाई? पट्टा पाहिजेच! म्या क्रेनवरच्या मानसांचा पट्टा कापून त्याला शिवून दिला व्हता. दोन वर्सं साधं खरचटलं न्हाई त्याला.

पंढरी : पट्टा आणि मांडीला टाकी, दोन्ही एकत्र म्हणजे सरण आहे ते! कमान नाही, पट्टा बांधलेला, गाडी उलटी... माणूस सुटणार कसा? देवाच्या कृपेनं त्यानं बांधला नसेल, एवढंच मी...

जमुना : बांधला व्हता.

पंढरी : काय?

जमुना : त्यानं पट्टा बांधला असंल. मी शपथ घातलेली.

नागोराव : कधी?

जमुना : मद्रासला जायच्या दिशी. केकीशेठ जीप घेऊन पाड्यावर आला त्याला न्यायाला. मी पोरीला म्होरं केली. बोलली, पोरीच्या डोक्यावर हात ठेव, बोल पट्टा बांधीन, त्याबिगर जाऊ नाय देनार. मिस्तरी, तुमीच सांगितलेला ना मला, पट्ट्यानं मानूस वाचतं. मला काय ठावं टाकी कुठं असते. त्यानं हात ठेवला. बोलला, बांधीन. आन तो शब्द मोडत नाय. दारू सोडली ती अशीच शपथेनं सोडली.

नागोराव : पोरी...

जमुना : मीच बांधलाय त्याला, मिस्तरी. तो पेटला असंल तर मी बांधून ठेवला म्हनून पेटला.

पंढरी : असं नको बोलू. जमुना, इकडे बघ. पत्र मी लिहिलं. मी म्हणालो त्याला, या चिकूवाडीच्या गाडीत तू जन्मभर तिसरा राहशील. तो जात नव्हता. "मिस्तरीला वाईट वाटंल," म्हणत होता. महिनाभर मागे लागलो मी. मला कधी साधी फटफटी चालवता आली नाही, आणि मला कोणीतरी पहिलं आलेलं बघायचं होतं. आपल्या इथलं कोणीतरी.

नागोराव : जायच्या आदी तो मह्याकडं आला व्हता.

पंढरी : कोण? मंगळ्या?

नागोराव : आठ दिस झाले. शेडच्या दारात हुबा. म्हनला, मिस्तरी, एकदा मुंबईला येऊन गाडी बघा. सीटपाशी पेट्रोलचा वास येतो. तिथले मेकॅनिक म्हनतात, नव्या गाडीला येतोच. तुमी हात लावून बघा, मंग मला झोप लागंल.

जमुना : मंग?

नागोराव : म्या पाना हातातून खाली ठिवला न्हाई. वर बघितलं बी न्हाई. म्हनलो, ज्याची गाडी त्याला इचार. तो हुबा राहिला लै येळ. मंग म्या शेडचं दार वढून घेतलं.

पंढरी : नागोराव!

नागोराव : वास म्हंजे सांधा गळतोय. शेंबड्या पोराला बी कळंल. एक दिसाचं काम व्हतं मह्यासाठी. एक दिसाचं! मला वाटलं, फिरून येईल. जरा मनवील मला. म्या बापासारखा बसलो रुसून, आन तो...

जमुना : तुमी दार लावला?

नागोराव : व्हय.

जमुना : मला बोलला नाय तो. घरी येऊन बोलला, मिस्तरीची तब्येत बरी नाय.

पंढरी : नागोराव, रडू नका. अहो, लोक बघतायत. बसा खाली. वास मंगळ्याच्या गाडीत होता ना? मग केकीच्या गाडीत नसेल, म्हणजे...

नागोराव : म्हंजे काय? दोन्ही गाड्या एका साच्यातल्या. हिचा सांधा गळतोय तर तिचा बी गळंल. आन नसंल गळत, तर मंग पेटली ती कुनाची? तूच बोल!

जमुना : केकीशेठची.

पंढरी : जमुना?

जमुना : केकीशेठचीच पेटली असंल. त्योच मेला असंल. त्यालाच मरू दे. सकाळपासून मी हेच मागते. हिमायदेवाकडं मागितला, वाघ्यादेवाकडं मागितला. मला लाज नाय वाटत.

नागोराव : कुनीबी हेच मागंल, पोरी.

जमुना : त्या दिशी माझ्या झोपडीत बसला व्हता तो. खाली, जमिनीवर. एवढा मोठ्या घरचा पोरगा, नाचनीची भाकर मागून खाल्ली. तोंड पोळला त्याचा मिरचीनं तरी हसतो. बावीस वर्सांचा हाय. मंगळ्याला शपथ घालताना बघून बोलला, भाभी, मला पन घाला. मी बोलली, तुमाला कशाला? तर त्यानं आपनच पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "हम भी बांधेगा." पोर खुदूखुदू हसली.

पंढरी : तू हे आधी नाही सांगितलंस.

जमुना : काय सांगू? त्याच्या आयेनं पन आज पेपर वाचला असंल. ती पन देवाला हेच मागत असंल. दोघांतला दुसरा मरू दे. माझा मागत असंल ती. देव कोनाचा ऐकंल, पंढरीभाऊ? तिचे देवाला दिवा हाय, अगरबत्ती हाय.

नागोराव : यंत्र वाजायलंय.

पंढरी : मघापासून वाजतंय. दुसऱ्या कोणाची असेल.

नागोराव : न्हाई. मास्तर लिवून घ्यायलेत. इकडं बघितलं त्यांनी. पंढरी, ऊठ.

(पोस्टाच्या खिडकीतून तारेचा कागद बाहेर येतो. पंढरी तो घेतो. जमुना बाकावरून उठू पाहते. पण दोन्ही हातांनी बाकाची कड धरून ती तिथेच बसून राहते.)

नागोराव : वाच ना! काय लिवलंय? वाच!

पंढरी : इंग्रजीत आहे. थांबा. थांबा जरा... "मंगळ अलाइव्ह." जिवंत! जमुना, जिवंत आहे मंगळ्या! जिवंत आहे!

नागोराव : पुन्यांदा वाच.

पंढरी : जिवंत, नागोराव. जिवंत असं स्पष्ट लिहिलंय.

जमुना : म्होरं काय हाय?

पंढरी : पुढे... तुला पाठवून द्या, असं आहे. लगेच.

जमुना : मधला सोडला तुमी. मला वाचता येत नाय, पन तुमचे डोळे दिसतात.

पंढरी : केकी गेला. त्याची गाडी उलटली. मंगळ्या मागून येत होता, त्यानं आपली गाडी थांबवली आणि आगीत शिरला. "केकीचा पट्टा सोडवताना दोन्ही हात भाजले. केकी मरण पावला." एवढं आहे.

नागोराव : दोन्ही हात?

पंढरी : दोन्ही. फार, असं लिहिलंय.

नागोराव : त्या हातांनी तर...

जमुना : जाऊ दे हात. भरवीन मी. कोनाचे हात नसतात तरी मानसं जगतात.

पंढरी : जमुना, रडून घे. आता रडायला हरकत नाही.

जमुना : पट्टा सुटंना त्याचा?

पंढरी : तापलेला असेल. बक्कल अडकलं असेल. ते काही लिहिलेलं नाही.

जमुना : माझ्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला म्हनून बांधला त्यानं. त्याच्याकडले कोनी नाय बांधत, तुमीच बोलले.

नागोराव : आग पट्ट्यानं लागत न्हाई, जमुने. आग टाकीनं लागली. सांधा गळत व्हता, आन ज्याला तो कळला असता त्यानं दार लावलं. हे मह्या माथी हाय. तू घेऊ नको.

जमुना : थोडा तुमचा, थोडा माझा. वाटून घेतला तरी कमी नाय व्हनार, मिस्तरी.

पंढरी : दीडच्या गाडीनं निघालो तर आजच मद्रासची गाडी मिळेल मुंबईहून. उत्तराची तार करायला हवी. मास्तरांनी कागद दिलाय. काय लिहू?

नागोराव : लिही, निघालो. म्या आन जमुना.

पंढरी : आणि मी?

नागोराव : तू बी. तिथं डाक्टरशी इंग्रजी कोन बोलंल? म्या?

पंढरी : बरं. "तिघे निघालो." पोरगी?

जमुना : ठकीकडं हाय, माझ्या नणंदेकडं. तिला निरोप धाडा कोनाबरूबर. आन पंढरीभाऊ, तारेत अजून लिवा. केकीशेठच्या आयेला सांग म्हनावं.

पंढरी : ही तार मंगळ्याच्या नावानं जाईल, जमुना. तिला नाही.

जमुना : ती तिथं येल ना पोराला न्यायाला. आन हा तोंड लपवंल. मला त्याचा स्वभाव ठावं हाय, भिंतीकडं वळून झोपंल. लिवा, लपू नको. तिचे म्होरं जा.

पंढरी : आणि शपथेचं?

जमुना : ते मी सांगन, माझ्या तोंडानं. ते तारेत नको.

पंढरी : मग त्यानं काय सांगायचं तिला?

जमुना : मरताना तो एकला नव्हता म्हनावं.