डोकं माझं, परीक्षा तिची

...आणि वर मलाच म्हणते, "बाबा, आठ्या घालू नका हो, रेघ हलते!" आता तुम्हीच सांगा, राग आल्यावर माणसानं आठ्या घालायच्या तरी कुठं? डोकं माझं, परीक्षा तिची!

तुम्हाला सांगतो, आमची धाकटी डॉक्टरकी शिकतेय. मागच्या तोंडी परीक्षेत कवटीच्या हाडांचे सांधे विचारले, तर हिची दातखीळच बसली. नापास! आता पुन्हा तसंच झालं तर अख्खं वर्ष बुडणार. कॉलेजची कवटी एका संध्याकाळपुरती मिळाली, तर हिनं काय करावं? कवटीवर दिसेल ती रेघ माझ्या टकलावर उतरवून घेतली! मार्करनं! "धुतलं की जातं, बाबा." जातं कसलं, डोंबल! साबण संपला, रेघा तशाच! आणि हिची आई? "असू द्या हो, एवढी जागा नुसती पडूनच होती." म्हणजे हे माझं घर की सासर, काही कळेना मला!

एक रेघ समोर आडवी, एक मधोमध, एक मागं, दोन कानांवर... आणि एक गोल, कपाळावरून निघून डोक्याला वेढा घालून परत कपाळावर! "हिचं नाव पुस्तकात सापडतच नाही, पण कवटीवर आहे म्हणजे असणारच ना?" लक्षात राहत नाही म्हणून तीच रोज गिरवायची. मी जेवतोय, ही मागं उभी! मी दाढी करतोय, हिचं बोट टाळूवर! डोकं माझं, परीक्षा तिची!

बरं, माझी नोकरी टपालाच्या खिडकीवर. मान खाली घालून शिक्के मारायचे, म्हणजे येणाऱ्याला आधी टक्कलच दिसणार! परीक्षेच्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ पाकीट द्यायचं सोडून डोक्याकडेच बघत बसले. निघाले हाडांचे निवृत्त डॉक्टर. "बाकी छान हो... पण ही गोल कुणी काढली? अहो, हा सांधा नव्हे! कवटीचं आतलं दाखवायला करवतीनं झाकण कापतात, त्याची खूण ही!"

करवतीची खूण! आणि पोरगी तिकडे तेच सांगणार! खिडकी धाडकन बंद केली, रांगेतले शिव्या घालतायत, मी धावतोय, तिचा फोन बंद, माझा दम बंद... परीक्षेच्या खोलीच्या दारात शिपाई आडवा. "पालकांना आत सोडत नाही." म्हटलं, "पालक कोण? मी अभ्यासाचं साहित्य आहे!"

दाराच्या काचेतून बघतो, तर ही कवटी हातात घेऊन उभी आणि बोट बरोब्बर त्या गोल रेघेवर! मी काचेला टक्कल लावलं आणि रुमालानं ती रेघ खसाखसा घासायला लागलो. परीक्षकांनी बघितलं. "कोण हे?"

"वडील, सर..."

"काय पुसतायत?"

ही माझ्याकडे बघते, कवटीकडे बघते... मेलो, म्हटलं! पण तुम्हाला सांगतो, पोरगी सावकाश बोलायला लागली. "सर, बाकीच्या रेघा वेड्यावाकड्या आहेत, हाडं एकमेकांत दात रोवून बसलीयत. ही एकटीच सरळ. हाड इतकं सरळ वाढत नाही... ही कापलेली आहे, सर!" आणि मग एकेक सांधा, नावासकट, घडाघडा!

पास! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. रागानंच हो! दुसरं कशानं येणार?

आता घरी सगळे खूश. धाकटी पुस्तकं आवरतेय, हिची आई फोनवर सगळ्यांना सांगतेय. आणि मी आरशासमोर. खऱ्या सांध्यांच्या रेघा गेल्या हो हळूहळू, सगळ्या गेल्या. रोज गिरवलेली ती गोल तेवढी हलायला तयार नाही. आता खिडकीवर टोपी घालून बसतो. बसते मात्र झकास... कडेकडेनं आखूनच दिलंय ना पोरीनं!