लुंडमार्क आजोबांची कोरी ओळ

(कॅनडातलं कनाटा. सकाळ. ड्राइव्हवेवर बर्फ, गाडी चालूच.)

निहार : एवढ्यात बाहेर? काय विसरलीस?

गौरांगी : काही नाही. गाडी बंद कर आणि आत चल ना.

निहार : अगं, अर्ध्या तासात मीटिंग आहे माझी. झालं काय?

गौरांगी : पियानो ऐकू येतोय तुला?

निहार : नाही.

गौरांगी : तेच. दोन वर्षं लुंडमार्क आजोबांचं बघायला येतेय मी. दार उघडलं की पियानो. ताप असला तरी.

निहार : झोपले असतील. ऐंशी पार केलेला माणूस!

गौरांगी : हाका मारल्या रे. खोलीचं दार लावलंय. कधीच लावत नाहीत.

निहार : मग उघडायचं की.

गौरांगी : हात पुढे जाईना. पियानोवरचा कागद बघितला ना आधी. पार खालपर्यंत भरलाय.

निहार : कंपोजरच्या कागदावर सूर नसतील तर काय असेल?

गौरांगी : तुला नाही कळायचं. रोज शेवटची ओळ कोरी सोडतात ते. स्वीडनमध्ये होते तेव्हापासून. सकाळी उठून ती भरायची, मग पुढचं. बायको गेली त्या दिवशीही सोडली होती. म्हणाले, त्या ओळीसाठी दुसऱ्या दिवशी उठलो.

निहार : मग काल का नाही सोडली?

गौरांगी : मी सांगितलं म्हणून.

निहार : ज्यांच्या सिम्फनी स्टॉकहोमला वाजल्या, त्यांना तू शिकवलंस?

गौरांगी : थट्टा नको रे. हात कापत होते त्यांचे. मी म्हटलं, टाका पूर्ण करून, आमच्याकडे अर्धवट ठेवलेलं बरं नाही समजत. ताटात टाकू नये म्हणतो ना आपण, तसं आलं तोंडात.

निहार : हसले असतील.

गौरांगी : नाही. माझ्याकडे वळले. मग विचारलं, ‘यू थिंक सो?’ आणि मी, मूर्ख, येस म्हटलं.

निहार : गौरी, तू चांगल्या मनानं बोललीस.

गौरांगी : शेवटी दोन उभ्या रेघा मारल्यात. ती खूण त्यांनीच शिकवली मला. म्हणजे संपलं.

निहार : नाइन-वन-वन लावतो, अँब्युलन्स येऊ दे. चल, मी येतो आत. आणि हातात काय आहे तुझ्या?

गौरांगी : त्यांची पेन्सिल. झोपायच्या आधी टोक काढून ठेवायचे, सकाळसाठी.

निहार : मग?

गौरांगी : काल नाही काढलं.