कच्चं रबर

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, असं म्हणायचं, बाकी सातारा मी काही पाहिलेला नाही. पणजोबा फौजेतून इथे ग्वाल्हेरला आले आणि मग आम्ही इथलेच झालो, दाना ओली मोहल्ल्यातले. मी वत्सला जाधव. बाबांचं खासगी बाजार नावाच्या पेठेत छत्र्या आणि दप्तरं शिवायचं दुकान होतं, आणि मला लहानपणापासून एक खोड, कुठलीही वस्तू हातात आली की उसवून बघायची, आत काय आहे. बाबा ओरडायचे, अगं गिऱ्हाइकाची आहे ती, आणि मग म्हणायचे, उसवलीच आहेस तर आता अशी शीव की पुन्हा उसवणार नाही. तेच डोक्यात बसलं बघा. वस्तू टिकली पाहिजे.

आता काय सांगू तुम्हाला, पुढे नशिबात छत्र्याच आल्या, पण आकाशातल्या. शहराबाहेर मैदान आहे, तिथे लोक विमानातून उडी मारतात, शौक म्हणून, मतलब पैसे देऊन, आणि उतरले की त्यांच्या छत्र्या पुन्हा घडी घालून बांधायला माणसं लागतात. यजमान गेल्यावर मी तिथे लागले. माझी मुलगी गौरी यायची मला डबा द्यायला, ती तिथेच उडी मारायला शिकली. आई खाली बांधते आणि मुलगी वर उघडते, असं आमचं घर.

छत्रीचं कापड थैलीत भरायचं, दोऱ्या लांबच लांब, त्यांची वेटोळी करायची आणि एकेक वेटोळं थैलीवरच्या रबरात अडकवायचं. वर हवेत ती वेटोळी एकामागून एक सुटतात, शेवटी थैलीचं तोंड उघडतं आणि छत्री फुलते. रबर ढिलं असलं तर दोऱ्या भसाभसा सुटतात आणि माणसाला असा झटका बसतो की मान धरते. एवढं सगळं त्या रबरावर, आणि रबर कसलं, तर पुड्यांना लावतो तसलंच, जरा रुंद. इथला मे महिना तुम्हाला माहीतच आहे, रबर चिकट होतं, तडकतं, मी बांधतेय आणि फट्, तुटलं, पुन्हा नवीन, पुन्हा फट्. मला रागच यायचा.

मग माझी खोड जागी झाली. पातळ, जाड, पांढरी, तपकिरी, मिळतील ती रबरं आणली, छतावर उन्हात टांगली, रोज ओढून ओढून बघायची आणि वहीत लिहायची. शेजारीण म्हणाली, वत्सलाताई, लोक पापड वाळत घालतात हो. सगळ्यांत टिकलं काय, तर माधवगंजातल्या सायकलवाल्याकडची जुनी ट्यूब. तिच्या मी चकत्या कापल्या, इतकं ऊन खाऊन जशाच्या तशा. मी इतकी खूश, इतकी खूश, की मैदानावरच्या आमच्या साहेबांना विचारलं नाही, गौरीला सांगितलं नाही, आणि गौरीच्याच छत्रीत घातल्या. चांगली वस्तू आधी आपल्या लेकराला देतो ना आपण.

दुसऱ्या दिवशी गौरी मैदानावर गेली, माझी सुट्टी होती. पोहे करायला पोह्यांची थैली काढली, तिच्या तोंडाला त्या ट्यूबचीच एक चकती लावली होती, चकतीला पीळ पडला होता, सुटेना. मी ओढली. थैली फाटली, पोहे घरभर, आणि चकती तशीच. मी बघतच राहिले. टिकतं किती ते मी रोज बघितलं, पण अडकलं तर तुटतं का, हे एकदाही बघितलं नव्हतं. फोन लावला तर उचलेना, उडीच्या वेळी ते फोन ठेवून देतात. दुसरी छत्री असते पाठीवर, संकटासाठी, पण त्या भरोशावर आई बसते का? ऑटो केली, गॅस बंद केला की नाही तेही आठवेना.

पोचले तर गौरी पाठीवर छत्री घेऊन विमानाकडे चाललेली. मी सगळ्यांसमोर ओरडले, गौरी, थांब, माझ्या हातचं घेऊ नकोस. ती म्हणे, आई, क्या हो गया, असं काय करतेस? साहेबांनी छत्री उतरवली, टेबलावर उघडली, दोऱ्या ओढल्या. एक वेटोळं सुटलं, दुसरं सुटलं, तिसऱ्याला चकतीचा पीळ बसला आणि सगळी थैलीच दोरीला लटकली, तोंड बंद. साहेब हळूच म्हणाले, वत्सलाबाई, अडकलं तर रबरानंच तुटायचं असतं, म्हणून तर आपण कच्चं घालतो. मी तिथेच खाली बसले आणि रडले.

मग कितीतरी दिवस माझ्या हातची छत्री कुणी घेईना. बरोबरच आहे, मी पण घेतली नसती. मी नुसती रबरं निवडायची, दोरीच्या जाडीप्रमाणे, साधी तपकिरी, डब्यात, सावलीत ठेवायची, जराशी चीर दिसली की फेकायची. अजून छतावर टांगते, खोड जात नाही, पण आता किती टिकतं ते बघते आणि किती ओढल्यावर तुटतं तेही. पहिली छत्री माझ्याकडून पुन्हा घेतली ती गौरीनेच, आली आणि पाठीवर चढवली. तेव्हापासून आमचं ठरलेलं आहे. विमानाकडे निघताना ती वळून विचारते, आई, कच्चं घातलंयस ना? मी म्हणते, कच्चंच घातलंय बाळा, जा.