सखू चुलीपाशी नव्हती

विमलाबाई महादेवराव चाफले, वय ४६ वर्षे, धंदा शेती व घरकाम, राहणार सिंदी (रेल्वे), जि. वर्धा.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वाचनालयात जाहीर वाद झाला. विषय, युद्धात अणुबॉम्ब टाकणे नीतीला धरून आहे काय. मे महिन्यात आपल्या देशाने स्फोट केल्यापासून गावाला याच विषयाचा चेव आला होता. माझे यजमान, निवृत्त मास्तर, 'नाही' म्हणणारे. हिरालाल वकील 'आहे' म्हणणारे. वकील म्हणाले, "थोडे मेले म्हणून लढाई थांबली अन् लाखो वाचले." थोडे म्हणताना त्यांनी माशी वारल्यासारखा हात केला. टाळ्या त्यांनाच पडल्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे मारबत काढतात. गवताचिंध्यांचे बाहुले गावात फिरवायचे, रोगराई घेऊन जा म्हणून ओरडायचे आणि शिवेबाहेर नेऊन जाळायचे, अशी रीत आहे. यंदा वकिलांच्या बाजूच्या रूपराव व भैय्याजी यांनी बाहुल्याला टोपी व तारेचा चष्मा घालून माझे यजमान केले. "भित्रा मास्तर घेऊन जा गे मारबत!" असे ओरडत ते आमच्या दारी आले. बाहुले गोठ्याच्या कुडाला टेकवले, रॉकेल ओतले व पेटवले. दारात मारबत कोणी जाळत नाही. एवढी अक्कल शेंबड्या पोरालाही असते.

गोठ्यात आमच्याकडे कामाला असलेली सखू पुनाजी मडावी शेण काढत होती. आतल्या कोरड्या कुटाराने, म्हणजे बैलांच्या भुशाने, पेट घेतला. तिने बैलांची दावी सोडली, तोवर तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. बाहेर रूपराव व भैय्याजी हसत होते. तिची किंकाळी ऐकून पळाले.

दवाखान्यात वकील आले. म्हणाले, "बाई, सखूवर कोणाचा रोख नव्हता. चुलीपाशी भाजली म्हणून सांगजा. एकीच्या पायी साऱ्या गावाले काऊन पोलिसात ओढता?" तोंडात सुपारी होती. मला किळस आली. सभेतलेच भाषण ते पुन्हा करत होते, फक्त आता थोडे म्हणजे सखू.

यजमानांचेही लिहून घ्या. ते म्हणाले, "पुढच्या सभेत सखूले स्टेजवर उभी करू. हात पाहून लोकं गप होतीन." तेव्हापासून मी त्यांच्याशी बोललेली नाही.

सखूने मला विचारले, "बाई, वाद कायचा होता?" मी सांगू लागले. थोडे ऐकून ती म्हणाली, "राहू द्या बाई. माही पाठ खाजून राह्यली, तेवढी खाजवून द्या."

जबाब मला वाचून दाखवला. हवालदारांनी आधी 'अपघाताने' असे लिहिले होते. ते माझ्यासमोर खोडले, आता मी सांगितले तसेच आहे, म्हणून सही करते.