जोसेफ सरांचा तोच नळ

...अहो, कसलं आपलं शरीर न् कसलं काय! भाडेकरूसुद्धा कधीतरी मालकाचं ऐकतो, पण हे? आपलंच शरीर, पण आपलं ऐकेल तर शपथ! पनवेलच्या आमच्या शेजारच्या जोसेफ सरांचं सांगतो तुम्हाला, अक्षर न् अक्षर खरं, या डोळ्यांनी पाहिलंय... म्हणजे पाहिलं आमच्या हिने, मी उरणला गेलो होतो, पण खरं ते खरंच!

सर दहावीला जीवशास्त्र शिकवतात. दरवर्षी घसा ताणून तेच, "मुलांनो, डोळ्याच्या वर, बाहेरच्या कोपऱ्यात बदामाएवढी अश्रुग्रंथी. कांदा चिरला, वायू झोंबला, चेतातंतूंनी मेंदूला वर्दी दिली, मेंदूचा हुकूम सुटला, की पाणी! दुःख झालं तरी तीच ग्रंथी, तोच नळ!"

आता त्यांची मुलगी मिल्का निघाली इस्रायलला, नर्स म्हणून. एकुलती एक. सर आपले कोकणातले ज्यू, तेव्हा त्यांच्या रीतीने घरी मलिदा झाला, गोड पोह्यांवर खोबरं-केळी घालून एलियाहू हन्नबीला, म्हणजे त्यांच्या प्रेषिताला, साकडं घातलं, आणि प्रसाद तोंडात टाकता टाकता पोरगी म्हणाली, "बाबा, तुम्ही रडलात तर मी तिकीट रद्द करणार." आणि करणारी हो ती!

पण सर शास्त्रवाले. निघायच्या सकाळी दारात टॅक्सी, आणि हे गृहस्थ विळीवर! जन्मात विळीला हात न लावलेला माणूस भराभरा कांदे चिरतोय. तोच नळ ना? कुठलं पाणी कशाचं, कुणाला कळणार? सरांच्या बायको अविटलबाई कपाळाला हात लावून, "अहो, पोरगी चालली, आणि तुम्हाला कांदाभजी सुचतात?"

एक चिरला, दुसरा चिरला... डोळे कोरडे ठणठणीत! कारण काय, तर कांदे फ्रिजमधले. गार कांद्याचा वायू फारसा उडत नाही. आणि कांदे फ्रिजमध्ये ठेवायची युक्ती बायकोला शिकवली कुणी? सरांनीच! आता बोला!

मिल्का दाराशी थबकली. ढीगभर कांदा बघितला, बापाचे डोळे बघितले.

"बाबा, कांद्यानेसुद्धा नाही?"

एवढंच. बसली टॅक्सीत, गेली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही हो!

सोमवारी सर वर्गात. फळ्यावर डोळा काढला, वर बदाम काढला, "तोच नळ" म्हणाले आणि... सुटला ना नळ! भर वर्गात, पन्नास पोरांसमोर! सर म्हणतात, खडूची धूळ, खडूची धूळ. मागच्या बाकावरची भागी हळूच म्हणते, "सर, हितं तं कांदा बी नाय." आपलंच शरीर, पण आपलं ऐकेल तर शपथ!

बरं, आता कबूल करून टाकतो. फ्रिजचं तेवढं मी पदरचं घातलं. कांदे टोपलीतलेच होते, चांगले झणझणीत, आमच्या हिच्या डोळ्यांना खिडकीतून झोंबले. मग सरांचे का नाही भरले? मी विचारलं त्यांना. म्हणाले, "पुस्तकात नाही."