चोरासाठीची काडतुसं

सासऱ्यांना हवं तिथं फिरवा, पण बंदुकीच्या दुकानात नेऊ नका, हे मी अनुभवानं सांगतोय.

इंग्लंडला आल्यावर ऑफिसातल्या गोऱ्या सहकाऱ्यांच्या नादाला लागून मी शॉटगनचं लायसन्स काढलं आणि शनिवारी क्लबात हवेत उडवलेल्या मातीच्या बशा फोडायला लागलो. तेव्हा सासरे नागपूरहून वॉटफर्डला आले होते. मी काडतुसं आणायला निघालो, तर "मीही येतो" म्हणाले.

दुकानात मी बशांसाठी बारीक छऱ्यांची काडतुसं मागितली. सासरे मला बाजूला सारून काउंटरवर वाकले आणि फर्ड्या इंग्रजीत म्हणाले, "घरात चोर शिरला तर यातलं कुठलं चांगलं?"

दुकानदार मुळात गोराच, तो आणखी पांढरा पडला. "सर, त्यासाठी आम्ही काही विकत नाही."

सासरे माझ्याकडे वळले. "स्टॉक संपलाय वाटतं. विचारा, कधी येणार?"

मी "जोक, जोक" करत त्यांना अक्षरशः ओढत गाडीत आणून बसवलं.

"अहो बाबा, चोरासाठी बंदूक ठेवलीय असं नुसतं बोललात तरी इथं माझं लायसन्स जाईल!"

पुढच्या सिग्नलला गाडी थांबली. तसे ते म्हणाले, "म्हणजे चोरावर चालवायची नाही?"

"नाही."

"फक्त बशांवर?"

"हो."

"मग जावईबापू, त्या बिचाऱ्या बशीनं तुमचं काय घोडं मारलंय?"