धुरांड्यावरची रेघ

वहिनी : हलू नका हो, भाऊजी!

भाऊजी : हललो कुठे? श्वास घेतला नुसता.

वहिनी : मग तोही जरा बेताने घ्या. पूर्ण झूमवर असताना तुम्ही इथे गच्चीत पाय आपटला, तरी नदीपलीकडे धुरांडं नाचायला लागतं.

भाऊजी : एवढ्याशा किमतीत हा कॅमेरा धुरांडं नाचवून दाखवतोय, आणखी काय हवं लोकांना? लिहा तसं मासिकातल्या तुमच्या परीक्षणात. 'करमणूक उत्तम.'

वहिनी : लिहीन. आधी स्टँडचा तो पाय घट्ट करा. खोक्यावर असं छापलंय की चंद्रावरचे खड्डे मोजून घ्यावेत. लोक भुलतात, घेतात, आणि मुलीच्या शर्यतीचा फोटो काढायला जातात तर नुसता भुरकट डाग.

भाऊजी : ते ठीक आहे. पण सकाळपासून एकच धुरांडं टिपताय, तेही आमच्याच गिरणीचं. रात्रपाळी करून आलो, जेवलो, जरा आडवा होतोय तर तुम्ही वर बोलावलंत. बघतो तर इथेही तेच ध्यान समोर!

वहिनी : विटांचं आहे ना ते. विटांमधले सांधे किती स्वच्छ येतात, त्यावरून भिंगाची पारख होते. शिवाय तुमचे दादा त्याच्या बुडाशीच आहेत. तेवढंच नवऱ्याकडे लक्ष.

भाऊजी : सांगतो दादाला. खूश होईल.

वहिनी : सांगा. आता बटणाला हात न लावता काढते. टायमर लावलाय... झालं. बघू या... हं. रंग बरे आहेत. कडांना थोडी जांभळट झाक आहे, पण चालेल. आणि... ही रेघ कसली?

भाऊजी : कुठली?

वहिनी : ही. वरच्या लोखंडी पट्ट्यापासून तिरपी खाली आलेली.

भाऊजी : विटांचा सांधा असेल.

वहिनी : सांधे आडवे-उभे असतात. ही विटा कापत आली आहे.

भाऊजी : मग भिंगावर ओरखडा. स्वस्तातला माल, वहिनी. नवीन म्हणून घेतला आणि निघाला कुणीतरी परत केलेला.

वहिनी : मलाही तेच वाटतंय. नाहीतर कॅमेऱ्याने स्वतःच काढली असेल. यात दोन झूम असतात. एक भिंगाचा, तो खरा. त्याच्यापुढे गेलं की तो फोटो नुसता ताणून मोठा करतो, आणि ताणताना नसलेल्या रेघाही काढून ठेवतो. थांबा, तो दुसरा बंद करते.

भाऊजी : केला?

वहिनी : केला. रेघ आहे.

भाऊजी : म्हणजे ओरखडाच.

वहिनी : आता धुरांडं मुद्दाम एका कोपऱ्यात घेते. ओरखडा असेल तर रेघ मधेच राहील, धुरांड्याबरोबर सरकणार नाही.

भाऊजी : आणि?

वहिनी : सरकली.

भाऊजी : परत बघा.

वहिनी : परतच बघितलं. आता ती पाण्याची पांढरी टाकी घेते. हे बघा, टाकी स्वच्छ आहे. रेघ कॅमेऱ्यात नाही, भाऊजी.

भाऊजी : अहो, रंग सुटला असेल. पावसाळ्यानंतर सुटतोच. मागे एकदा रंगारी चढवले होते, त्यांनीच काहीतरी खरवडून ठेवलं असेल.

वहिनी : सकाळचे फोटो आहेत कार्डात. नाश्त्याआधी काढलेले. हा बघा. इथे रेघ दुसऱ्या पट्ट्यापाशी थांबली आहे. दिसतंय?

भाऊजी : दिसतंय.

वहिनी : आणि हा आत्ताचा.

भाऊजी : ...दुसऱ्या पट्ट्याच्या खाली आली आहे.

वहिनी : आणि तो पट्टा बघा. लोखंडी पट्टा ना तो? सकाळी गोल बसलेला होता. आता त्याचं एक टोक लोंबतंय.

भाऊजी : द्या इकडे. मला बघू दे.

वहिनी : काय दिसतंय?

भाऊजी : वहिनी, दादाला फोन लावा.

वहिनी : लागतोय... अहो, ऐका ना. तुम्ही बॉयलरपाशी आहात का?

दादा : मग कुठे असणार? काय झालं? आवाज असा का तुझा?

वहिनी : धुरांड्याला तडा गेलाय. नदीच्या बाजूने. वरून खाली येतोय. सकाळपेक्षा वाढलाय.

दादा : अगं, तू घरी, मी धुरांड्याखाली, आणि तडा तुला दिसला?

वहिनी : कॅमेऱ्यातून दिसला.

दादा : त्या कॅमेऱ्यातून? कालच म्हणत होतीस ना, पैसे फुकट गेले म्हणून?

वहिनी : म्हणत होते. आज सगळं तपासून बघितलं. रेघ खरी आहे. फोन स्पीकरवर आहे, भाऊजीही बघतायत.

दादा : काय रे, झोपला नाहीस का?

भाऊजी : दादा, चेष्टा नको. काल रात्री पाळीला धूर आत मारत होता. भट्टीचं दार उघडलं की तोंडावर. आम्ही म्हटलं, वारा पडलाय. आज कसं आहे?

दादा : थांब, दार उघडून बघतो.

भाऊजी : दादा?

दादा : आजही मारतोय. सकाळपासून डोळे चुरचुरतायत सगळ्यांचे.

भाऊजी : धुरांडं फाटल्याशिवाय त्याची धूर वर खेचायची ओढ जात नाही, दादा. वारा नव्हता तो. आम्हाला कळायला हवं होतं.

दादा : फोन चालू ठेवा. मी बघतो.

वहिनी : बघायला वर तोंड करून उभे राहू नका. बाहेर या!

दादा : एकटा कसा येऊ? आतमध्ये माणसं आहेत.

भाऊजी : वहिनी, कॅमेरा खाली आणा. दारावर. अजून थोडा डावीकडे.

वहिनी : आणला. कुणीच नाही. बंद दार आहे.

भाऊजी : भोंगा ऐकलात?

वहिनी : ऐकला. दार उघडलं. आले, आले, बाहेर यायला लागले. काहीजण चालतच येतायत, चहाला निघाल्यासारखे. अहो, पळा ना!

भाऊजी : त्यांना ऐकू नाही जाणार.

वहिनी : माहीत आहे मला! एवढे समोर दिसतायत, म्हणून तोंडातून निघालं. हे दिसत नाहीयेत त्यांच्यात.

भाऊजी : तो शेवटी येईल. त्याची सवय तशी आहे... तो बघा. पिवळं हेल्मेट. चाल ओळखता येते की नाही?

वहिनी : येते. हो, तेच. आले बाहेर.

दादा : ऐकतेस ना? सगळे फाटकापाशी उभे केलेत. मोठे साहेब आलेत. त्यांना इथून काही दिसत नाही, तडा तुमच्या बाजूला आहे.

भाऊजी : वहिनी, कॅमेऱ्याच्या पडद्याचाच फोटो काढा तुमच्या फोनने. सकाळचा आणि आत्ताचा. पाठवा दादाला.

वहिनी : पाठवले. दाखवा साहेबांना.

दादा : आले. दाखवतोय... साहेब बघतायत.

वहिनी : काय म्हणतायत?

दादा : चष्मा काढून बघतायत... म्हणाले, नदीकाठचा सगळा रस्ता मोकळा करा. आगीच्या बंबाला कळवा.

भाऊजी : शहाणा माणूस. फिटर म्हणून लागले होते ते गिरणीत, वहिनी. कधीकाळी त्याच भट्टीवर होते. आता हे सगळे फाटकाबाहेर गेले की मिटलं.

दादा : मिटलं नाही रे. बॉयलर पेटलेला आहे. असा टाकून कसा जाऊ? पाणी उतरलं तर तोच फुटेल, आणि मग पलीकडची चाळ जाईल. भट्टीला जाणारा कोळसा बंद करून, वाफ सोडून यावं लागेल. चार मिनिटांचं काम आहे.

वहिनी : तुम्ही जायचं नाही.

दादा : पाळी माझी आहे. दुसरं कोण जाणार?

वहिनी : मला माहीत नाही कोण. तुम्ही नाही. भाऊजी, सांगा ना त्यांना!

भाऊजी : काय सांगू, वहिनी? काम करायलाच हवं ते. चाळीत मुलं आहेत.

दादा : एक मिनिट. साहेब काहीतरी म्हणतायत... नाही साहेब, माझं काम आहे... अहो, तुम्हाला किती वर्षं झाली त्याला हात लावून... साहेब...

वहिनी : काय झालं? अहो!

दादा : ते गेले. माझे हातमोजे काढून घेतले, आणि गेले.

वहिनी : का?

दादा : म्हणाले, 'तुझी बायको बघतेय तिकडून.'

भाऊजी : ...दिसतायत, वहिनी. ते चाललेत. झपझप चाललेत.

वहिनी : दारातून आत गेले.

भाऊजी : कॅमेरा वर घ्या. धुरांड्यावर.

वहिनी : नको.

भाऊजी : घ्या. काही दिसलं तर दादाला सांगता येईल, तो हाक मारेल.

वहिनी : घेतला... रेघ आता रेघ नाही राहिली. मधून आभाळ दिसतंय. अहो, बोलवा त्यांना! आत्ता बोलवा!

दादा : साहेब! साहेब, या! वाफ सुटली, ऐकतेस? पांढरी वाफ. केलं त्यांनी काम! साहेब, या आता!

भाऊजी : वरचं टोक हललं. वहिनी, स्टँडला हात लागला का तुमचा?

वहिनी : मी हात लावलेला नाही.

दादा : साहेब! सा...

वहिनी : अहो? अहो, बोला! फोनमधून कसला आवाज आला तो? अहो!

भाऊजी : थांबा. तो आवाज आता इथे येईल.

वहिनी : फोन कट झाला.

भाऊजी : आला.

वहिनी : सगळी धूळ आहे. काहीच दिसत नाही. भाऊजी, काही दिसत नाही याच्यात!

भाऊजी : धूळ बसू दे. झूम मागे घ्या, पूर्ण चित्र येऊ दे. सरका, मी धरतो. फाटक कुठे आहे? फाटक उभं आहे. माणसं आहेत. फाटकापाशी सगळी माणसं आहेत, वहिनी.

वहिनी : पिवळं हेल्मेट?

भाऊजी : शोधतोय... आहे. आहे! उभा आहे. दोघांनी धरून ठेवलंय त्याला, आत जाऊ देत नाहीयेत.

वहिनी : धरून ठेवा म्हणावं. घट्ट धरून ठेवा.

भाऊजी : धरलंय हो. रडू नका. बसा इथे कठड्याला टेकून.

वहिनी : बॉयलरघर?

भाऊजी : छप्पर नाही. बंब आलाय. माणसं विटा उचलायला लागलीत. दादालाही सोडलंय आता, तोही उचलतोय.

वहिनी : मी ह्यांना जाऊ दिलं नाही, भाऊजी.

भाऊजी : तुम्ही बायको आहात. दुसरं काय म्हणणार होतात?

वहिनी : साहेबांच्या घरी कोण कोण असतं?

भाऊजी : ते नका विचारू आत्ता.

वहिनी : सांगा.

भाऊजी : बायको आहे. तिचे गुडघे दुखतात, म्हणून रोज जेवायला घरी जायचे. आज जेवून आले असतील.

वहिनी : ऊन उतरलं. बघा ना जरा. काही हालचाल आहे?

भाऊजी : थांबलेत सगळे. हातातल्या विटा खाली ठेवल्या.

वहिनी : म्हणजे सापडले?

भाऊजी : दादा खाली वाकलाय. आता उठला.

वहिनी : आणि?

भाऊजी : हेल्मेट काढून हातात घेतलंय त्याने. बाकीचेही काढतायत.

वहिनी : बंद करा कॅमेरा, भाऊजी. त्यांना कुणी बघू नये आत्ता.